आपण जगापेक्षा जास्त कर देतो का?



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर सहकारी संस्थांचे हिशेब तपासले. आकडा कुठून आला हे विचारल्याशिवाय तो मान्य करायचा नाही, ही त्यांची शिस्त आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिली आहे. म्हणून आजच्यासाठी आकड्यांचाच विषय मी मुद्दाम निवडला.

दरवर्षी अर्थसंकल्प आला की एक वाक्य हमखास कानावर पडते: जगात सर्वांत जास्त कर आपणच भरतो आणि बदल्यात काहीच मिळत नाही. पगारातून कर आधीच कापला जातो. उरलेल्या पैशातून काही घ्यायला जावे तर त्यावर जीएसटी. पेट्रोलवर केंद्राचे उत्पादनशुल्क आणि राज्याचा व्हॅट, घर घेतले तर मुद्रांकशुल्क, राहायला गेले की घरपट्टी, गावाला निघाले की टोल. हे बोलणारा माणूस खोटे बोलत नाही. त्याच वेळी आंतरराष्ट्रीय अहवाल सांगतात की भारताची करवसुली, अर्थव्यवस्थेच्या आकाराशी ताडून पाहिली तर, विकसित देशांच्या सरासरीच्या जेमतेम निम्मी आहे. तेही खोटे नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, हा आजचा प्रश्न आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. भारत हा कमी कर गोळा करणारा देश आहे. पण जो कर गोळा होतो त्याचा भार ज्यांनी उचलायला हवा त्यांच्यावर पुरेसा पडत नाही, आणि त्या करातून ज्या सेवा मिळायला हव्यात त्या धड मिळत नसल्याने लोक त्याच गोष्टींसाठी पुन्हा स्वतःच्या खिशात हात घालतात. जगाच्या तक्त्यात या दुसऱ्या खर्चाला रकाना नाही. आपल्या मनात मात्र तो आहे, म्हणूनच तक्ता एक सांगतो आणि मन दुसरे.

आधी तक्ता पाहू. देशात वर्षभरात जे एकूण उत्पादन होते, ज्याला आपण जीडीपी म्हणतो, त्यातला किती टक्के भाग कररूपाने सरकारकडे येतो, हे करभार मोजण्याचे रूढ माप आहे. यात केंद्र, राज्ये, महापालिका असे सगळे थर धरायचे असतात. आपल्याकडे केंद्राचा सगळा कर मिळून जीडीपीच्या साडेअकरा-बारा टक्के होतो आणि राज्यांचा स्वतःचा कर सहा-सात टक्के. बेरीज अठरा टक्क्यांच्या आसपास जाते. विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेची सरासरी ३४ टक्क्यांच्या जवळ आहे. डेन्मार्क आणि फ्रान्स ४३-४४ टक्क्यांपर्यंत जातात, ब्रिटन ३५च्या आसपास, अमेरिका पंचवीस-सव्वीसच्या घरात. मेक्सिको आपल्याच शेजारी, सतरा-अठरा टक्क्यांवर. आपल्या खाली पाहिले तर पाकिस्तान दहाच्या आसपास आणि बांगलादेश त्याहूनही खाली.

गरीब देशात कर कमीच गोळा होणार, असे म्हणून हा विषय संपवण्याचा मोह होतो. त्यात तथ्य आहे. जिथे बहुतेक लोक स्वतःच्या शेतात, टपरीवर किंवा नाक्यावर रोजंदारीने कमावतात, तिथे उत्पन्नाची नोंदच होत नाही, मग कर कुठून येणार? पण ब्राझीलकडे पाहा. तोही श्रीमंत देश नाही. विषमता, मोठी असंघटित अर्थव्यवस्था, राज्याराज्यांतले करांचे वाद, हे सगळे तिथेही आहे. तरी ब्राझील जीडीपीच्या जवळजवळ एक तृतीयांश कर गोळा करतो. दक्षिण आफ्रिकाही आपल्या बरीच पुढे आहे. म्हणजे गरिबी हे एक कारण झाले. बाकीची कारणे धोरणांत आहेत, आणि धोरणे माणसेच ठरवतात.

आता तक्त्यातल्या आकड्यांत काय धरले आहे ते तपासू. ओईसीडीच्या मोजणीत सक्तीची सामाजिक सुरक्षा वर्गणी करांत धरली जाते. फ्रान्समध्ये नोकरदार आणि मालक यांच्याकडून निवृत्तिवेतन, आरोग्यविमा, बेकारीभत्ता यांसाठी मोठ्या रकमा कापल्या जातात, आणि त्या देशाच्या एकूण कराचा सुमारे तिसरा हिस्सा त्यातूनच येतो. आपल्याकडे पगारातून १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, मालकही तेवढीच रक्कम घालतो. पण तो पैसा मुख्यतः आपल्याच नावावर जमा होतो, म्हणून तो करात धरत नाहीत. सिंगापूरचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथले कर-प्रमाण आपल्यापेक्षाही कमी दिसते, आणि ‘पाहा, कमी कर घेऊन देश कसा पुढे जातो’ असे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. पण ५५ वर्षांखालील नोकरदाराच्या वेतनाच्या ३७ टक्के रक्कम तिथे सक्तीने मध्यवर्ती निधीत जाते: २० टक्के त्याची, १७ टक्के मालकाची. घर, उपचार आणि म्हातारपण यांची सोय त्यातून होते. कायदा त्याला कर म्हणत नाही. महिन्याच्या शेवटी हातात येणारी रक्कम मात्र त्यामुळे कमी असते.

अमेरिकेचीही तीच कथा. तिथला करभार युरोपपेक्षा बराच कमी आहे, हे खरे. पण अमेरिकन कुटुंब आणि त्याचा मालक मिळून खासगी आरोग्यविम्याचे जे जबर हप्ते भरतात ते करात येत नाहीत. तो देश जीडीपीच्या १७ टक्क्यांच्या आसपास रक्कम आरोग्यावर खर्च करतो, इतके विकसित देशांत कोणी करत नाही. ओईसीडीनेच सरकारी आणि खासगी सामाजिक खर्च एकत्र करून, करसवलतींचा परिणाम धरून निव्वळ हिशेब मांडला, तेव्हा अमेरिका फ्रान्सच्या खालोखाल आली. जे काम फ्रान्स कराच्या पावतीवर करतो, तेच अमेरिका विम्याच्या पावतीवर करते. कुटुंबाच्या उत्पन्नातून पैसा दोन्हीकडे जातोच.

काही देशांत तर भागाकारातला खालचा आकडाच फसवा असतो. आयर्लंडचे कर-प्रमाण एकवीस-बावीस टक्के दिसते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपला नफा आणि पेटंट कागदोपत्री तिथे नेल्यामुळे त्या देशाचा जीडीपी इतका फुगला आहे की आयरिश सांख्यिकी कार्यालयाला स्वतःसाठी वेगळे, दुरुस्त माप काढावे लागले. त्या मापाने प्रमाण बरेच वर जाते. आखाती देशांची गोष्ट आणखी निराळी. दुबईत नोकरी करणारी मुले गावी आली की ‘तिकडे पगारावर कर नाही’ असे सांगतात, आणि ते बरोबरच आहे. तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या अमिरातींनी व्हॅटसुद्धा २०१८ साली, तोही ५ टक्के, लावला. पण तेल नॉर्वेतही आहे, आणि नॉर्वे आपल्या नागरिकांकडून युरोपातल्या इतर देशांइतकाच कर घेतो. तेलातून आलेला पैसा पुढच्या पिढ्यांसाठी वेगळ्या निधीत ठेवतो. आपल्यासारख्या, पोटात फारसे तेल नसलेल्या देशाने आखाताशी तुलना करून काही शिकण्यासारखे नाही.

तुलनेची ही सवय आपल्याकडे आजची नाही. भारतीय राजकारणाचा पाया ज्या युक्तिवादांवर घातला गेला त्यांत करभाराची तुलना अगदी वरच्या जागी होती. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ सालचे भारतीयाचे दरडोई उत्पन्न वर्षाला २० रुपये काढले आणि दाखवून दिले की उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले तर भारतीय माणसावरचा करांचा बोजा इंग्लंडमधल्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट पडतो. इंग्रज अधिकारी सांगत, भारतात माणशी कर काही थोड्या शिलिंगांचाच आहे, इंग्लंडमध्ये तो कितीतरी पट आहे. दादाभाईंचे उत्तर होते: ज्याचे वर्षाचे उत्पन्नच पोट भरायला पुरत नाही, त्याच्याकडून घेतलेला रुपया आणि सुखवस्तू माणसाकडून घेतलेला रुपया सारखा नव्हे. दुसरा मुद्दा त्याहून भेदक होता. इंग्लंडमध्ये गोळा केलेला कर इंग्लंडमध्येच खर्च होतो. भारतातला मोठा वाटा समुद्रापलीकडे जातो आणि परत येत नाही.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा हाच प्रश्न घराच्या आतून विचारला. सारा, लोकल फंड, जकात शेतकरी भरतो, आणि त्या पैशातून चालणाऱ्या शिक्षणाचा, नोकऱ्यांचा लाभ दुसऱ्यांच्या मुलांना होतो. दादाभाईंचा रोख लंडनकडे होता, फुल्यांचा आपल्याच समाजातल्या वरच्या थराकडे. मला हे दोघे एकमेकांना पूरक वाटतात. देश म्हणून आपण किती देतो, हा एक प्रश्न. देशातल्या कोणी दिले आणि ते कोणाला मिळाले, हा दुसरा. आज आपण पहिल्यावर वाद घालतो आणि दुसऱ्याला बगल देतो.

मग २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय कायदेमंडळात आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणाला उभे राहिले. त्या भाषणाच्या तयारीत गणेश व्यंकटेश जोशी यांचे मोठे साह्य होते. पेशाने शिक्षक असलेल्या या अभ्यासकाचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते. सरकार शिलकी अर्थसंकल्प मांडून आनंद व्यक्त करत होते. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवले की दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला म्हणूनच शिल्लक उरली आहे. मिठावरचा कर मणाला अडीच रुपये होता. पुढच्याच वर्षी, १९०३ साली, तो दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया. त्याच १९०३ साली प्राप्तिकर माफीची मर्यादा वार्षिक ५०० रुपयांवरून १००० झाली. एका माणसाच्या भाषणाने हे सगळे घडले असे मी म्हणत नाही. पण हिशेब नीट मांडला तर बहिऱ्या सत्तेलाही तो ऐकावा लागतो, याचे याहून चांगले उदाहरण माझ्यासमोर नाही.

स्वातंत्र्यानंतर आपण एक वेगळीच चूक केली. कराचा दर आणि कराची वसुली यांत आपली गल्लत झाली. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५६ च्या सुरुवातीला केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर भारतात आले. प्राप्तिकराचा वरचा दर ४५ टक्क्यांवर आणा, आणि त्याच्या जोडीला संपत्ती, भांडवली नफा, देणग्या आणि खर्च यांवर कर लावा, म्हणजे कोणालाही एका बाजूने निसटता येणार नाही, असा त्यांचा सल्ला होता. पुढच्या दोन वर्षांत संपत्तिकर आला, खर्चकर आला, देणगीकर आला. दर ४५ टक्क्यांवर आणण्याची गोष्ट मात्र मान्य झाली नाही. पुढे तर तो चढतच गेला. १९७३-७४ साली दोन लाखांवरच्या उत्पन्नाला अधिभार धरून ९७.७५ टक्के कर होता. शंभर रुपये मिळवले तर सव्वादोन रुपये हातात. कागदावर हा जगातल्या सर्वांत कडक करांपैकी एक. त्या काळातली देशाची एकूण करवसुली मात्र जीडीपीच्या अकरा टक्क्यांच्या आसपास घुटमळत होती. दर आकाशाला आणि तिजोरी रिकामी. मधला पैसा काळ्या व्यवहारांत गेला, आणि जमिनीच्या सौद्यात ‘वरचे’ पैसे रोख द्यायची जी रीत तेव्हा रुजली ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

जवळपास त्याच काळात स्वीडनमध्ये काय झाले ते पाहा. मुलांच्या लाडक्या लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या लक्षात आले की स्वतंत्र व्यावसायिक म्हणून प्राप्तिकर आणि सामाजिक वर्गणी मिळून त्यांच्या वाढीव कमाईवर १०२ टक्के कर बसतो. मार्च १९७६ मध्ये त्यांनी ‘एक्स्प्रेसेन’ या दैनिकात पोम्पेरिपोसा नावाच्या बाईची एक परीकथा लिहिली. देशभर चर्चा झाली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये चार दशकांहून अधिक काळ सत्तेत असलेला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष निवडणूक हरला. लिंडग्रेन स्वतः त्याच विचाराच्या होत्या. कर असू नये असे त्यांचे म्हणणे नव्हते, तो न्याय्य असावा असे होते. पुढे १९९०-९१ साली स्वीडनने वरचे दर खूप खाली आणले, सवलती आणि पळवाटा बंद केल्या. एकूण वसुली मात्र आजही जीडीपीच्या ४० टक्क्यांवर आहे. आपणही १९८५ साली वरचा दर ५० टक्क्यांवर आणि १९९७ साली ३० टक्क्यांवर आणला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर केंद्राचे प्रत्यक्ष कर जीडीपीच्या तीन टक्क्यांनाही पोचत नव्हते. २०२३-२४ मध्ये ते साडेसहा टक्क्यांवर गेले. तेव्हा ‘अमुक देशात इतके टक्के कर आहे’ असे कोणी सांगितले की पहिला प्रश्न विचारावा: हा दर आहे की वसुली?

डेन्मार्कला ४३ टक्के कर गोळा करता येतो आणि तिथे बंड होत नाही, याचे कारण काय? तिथले लोक स्वभावाने उदार आहेत हे उत्तर मला पटत नाही. हेन्रिक क्लेव्हन या डॅनिश अर्थशास्त्रज्ञाने याचा बारकाईने अभ्यास केला आहे. तिथे बहुतेक लोक पगारदार आहेत. त्यांचे उत्पन्न मालक, बँका आणि निवृत्तिवेतन संस्था थेट करखात्याला कळवतात. लपवायला जागाच नसते. जिथे माणूस स्वतःच आपले उत्पन्न सांगतो, तिथे डेन्मार्कमध्येही चोरी आढळते. दुसरी गोष्ट, तिथला कर थोड्यांवर भारी नसून सर्वांवर आहे. करमाफीची मर्यादा सरासरी उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याएवढी आहे. व्हॅट सरसकट २५ टक्के, पावावरसुद्धा. आणि तिसरी गोष्ट, विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाला फी नाही, उलट दरमहा भत्ता मिळतो. दवाखान्यात बिल नाही. लहान मुलांच्या पाळणाघराला सरकारी मदत. तिथल्या नागरिकाला आपला कर रोजच्या व्यवहारात परत भेटतो.

आता आपल्याकडे या. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला प्राप्तिकर लागत नाही. देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न आहे दोन लाख रुपयांच्या जवळपास. म्हणजे सरासरीच्या सहापट कमावणारा माणूसही प्राप्तिकराच्या बाहेर राहू शकतो. असे प्रमाण युरोपात कुठे सापडणार नाही. १४० कोटींच्या देशात प्राप्तिकराची विवरणपत्रे भरणारे आठ-नऊ कोटी, आणि त्यांतल्याही बहुसंख्यांचा कर शून्य. उरलेल्यांत सर्वांत सहज हाती लागतो तो पगारदार, कारण त्याच्या पगाराची नोंद मालकाकडे आहे. म्हणून नोकरदाराची तक्रार मला रास्त वाटते. त्याच्यासारखीच किंवा त्याहून जास्त मिळकत असलेला, पण रोखीत व्यवहार करणारा शेजारी कर भरत नाही हे त्याला रोज दिसते. त्यात २०१९ साली कंपन्यांच्या कराचा दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला. २०२३-२४ मध्ये व्यक्तींनी भरलेला प्राप्तिकर सुमारे साडेदहा लाख कोटी होता आणि सगळ्या कंपन्यांनी मिळून भरलेला कर सव्वानऊ लाख कोटींपेक्षा कमी. देशातल्या साऱ्या उद्योगसमूहांपेक्षा माणसे जास्त कर भरतात.

पण नोकरदाराहूनही मुका करदाता निराळाच आहे. ते प्राप्तिकर भरत नाहीत म्हणजे करच भरत नाहीत, असे ज्यांच्याबद्दल सर्रास बोलले जाते, तो मोठा वर्ग. घरकाम करणाऱ्या ताई मोबाइलचे रिचार्ज करतात तेव्हा १८ टक्के जीएसटी भरतात. ज्यांच्या घरी त्या काम करतात ते साहेबही तेवढाच दर भरतात. साहेबांच्या उत्पन्नात ती रक्कम दिसतही नाही, ताईंच्या उत्पन्नात ती दिसते. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के होते. आता ५ केले, ही चांगली गोष्ट झाली, आणि खरे तर ती २०१७ सालीच व्हायला हवी होती. डिझेल अजूनही जीएसटीबाहेर आहे. त्यावरचा कर लासलगावहून निघालेल्या कांद्याच्या ट्रकमधून गिऱ्हाइकाच्या पिशवीपर्यंत येतो, आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये तर थेट भरला जातो. ‘करदात्यांच्या पैशावर गरीब जगतात’ हे वाक्य मी सुशिक्षितांच्या तोंडून ऐकतो तेव्हा मला मनापासून खंत वाटते. या देशात कर न भरणारा माणूसच नाही.

दुसऱ्या टोकाला काय आहे? वारसाहक्काने आलेल्या संपत्तीवर कर नाही. १९५३ साली आलेले मृत्युशुल्क १९८५ साली रद्द झाले. संपत्तिकर २०१५ साली गेला. हे दोन्ही कर अत्यंत वाईट रीतीने राबवले जात होते आणि वसुलीही क्षुल्लक होती, हे मान्य. पण जपान वारशावर ५५ टक्क्यांपर्यंत आणि ब्रिटन ४० टक्के कर घेतो. ते देश काही उद्योगांचे शत्रू नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि स्वीडनमध्ये वारसाकर नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. मात्र स्वीडनमध्ये इतर कर काय आहेत ते आपण आत्ताच पाहिले. स्थावर मालमत्तेवरचे वार्षिक कर विकसित देशांत सरासरी जीडीपीच्या एक टक्क्याच्या आसपास जातात. आपल्या शहरांची घरपट्टी मिळून एक टक्क्याचा छोटासा अंशच होते. मुंबईत जगातल्या महाग जमिनींपैकी काही जमिनी आहेत. आपल्या शहरांतल्या जागांचे भाव नव्या रस्त्याने आणि मेट्रोने वाढतात, म्हणजे सार्वजनिक पैशाने वाढतात, आणि ती वाढ जवळजवळ सगळीच्या सगळी मालकाच्या पदरात पडते. लहान घरांना सूट जरूर द्यावी. मोठ्या मालमत्तांकडे डोळेझाक करण्याचे समर्थन मला कुठल्याच अर्थशास्त्रात सापडत नाही.

आता दुसऱ्यांदा खिशात हात घालण्याबद्दल. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४ टक्के लोकांनी थेट खिशातून केला होता. २०२१-२२ मध्ये तो वाटा ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठी आहे, तिला कमी लेखू नये. तरीही शंभर रुपयांतले चाळीस रुपये आजारी माणसाच्या घरातून जातात, आणि सरकारचा आरोग्यखर्च त्या वर्षी जीडीपीच्या १.८४ टक्के होता. शाळेची फी, शिकवणी, उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर, सोसायटीचा पहारेकरी यांची बेरीज करा. डेन्मार्कमध्ये या बेरजेतला बराचसा भाग करात आहे. आपल्या कुटुंबाने भरलेला कर आणि ही सारी बिले एकत्र केली की आपला अठराचा आकडा राहत नाही. मध्यमवर्गीय माणसाला ‘आपण युरोपइतके भरतो’ असे का वाटते, त्याचे उत्तर इथे आहे. त्याची भावना बरोबर असते, दोष काढताना तो चुकतो. कर कमी करा, असे तो म्हणतो. कर कमी झाला तर सरकारी दवाखाना आणखी दुबळा होईल आणि खासगी बिल आणखी वाढेल.

कर कमी करून काय होते, ते पाहायला फार लांब जावे लागत नाही. श्रीलंकेत २०१९ च्या अखेरीस नव्या सरकारने व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, प्राप्तिकरात मोठ्या सवलती दिल्या. लोक खूश झाले. कर-प्रमाण जीडीपीच्या आठ टक्क्यांच्या आसपास घसरले. त्यात कोविडने पर्यटन बसले, रासायनिक खतांच्या आयातबंदीचा निर्णय फसला, परकीय चलन आटले. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. पेट्रोलच्या रांगांत माणसे मेली, औषधे मिळेनात. त्याच २०२२ मध्ये व्हॅट आधी १२ आणि मग पुन्हा १५ टक्के झाला, आणि २०२४ च्या जानेवारीत १८ टक्के. कपातीच्या आधी होता त्याहून जास्त. ज्यांना कपातीचा फायदा सर्वांत कमी झाला होता, त्यांनाच शेवटचे बिल सर्वांत जड गेले.

लोक कर द्यायला तयार नसतात, असे म्हणणाऱ्यांना मी महाराष्ट्राचाच दाखला देतो. १९७२ च्या दुष्काळाने राज्य हादरले होते. मागेल त्याला काम ही वि. स. पागे यांची कल्पना राज्यभर नेण्यासाठी पैसा हवा होता. १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसायकर लावला आणि तो रोजगार हमीसाठी आहे असे उघड सांगितले. शहरातल्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या, गिरणी कामगाराच्या पगारातून थोडे पैसे कापले गेले, आणि त्यातून गावाकडे पाझर तलाव, बांध आणि रस्ते झाले, दुष्काळी तालुक्यांतल्या बायकांच्या हाताला काम मिळाले. अनेकांचे नातेवाईकच त्या कामांवर होते. विधिमंडळात सर्व पक्षांनी या योजनेला पाठिंबा दिला, आणि २००५ साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. पैसा कोणाकडून घेतला आणि कुठे गेला, हे सांगता येणारा कर लोक स्वीकारतात. आज आपल्याकडे उपकरांचा सुळसुळाट आहे: २०१७ पर्यंत स्वच्छतेसाठी आणि शेतीच्या कल्याणासाठी होते, रस्त्यांसाठी अजूनही आहे. त्यांतले पैसे राज्यांना वाटून द्यावे लागत नाहीत, आणि ते नेमके कुठे खर्च झाले हे नागरिकाला सहज समजत नाही. हे थांबायला हवे.

शेवटी एक मागणी मांडतो, आणि तिच्यासाठी तुमची मदत मागतो. ब्रिटनचे सांख्यिकी कार्यालय दरवर्षी एक अहवाल प्रसिद्ध करते. देशातली कुटुंबे उत्पन्नानुसार पाच गटांत विभागायची. प्रत्येक गट किती प्रत्यक्ष कर भरतो, किती अप्रत्यक्ष कर भरतो, आणि शाळा, आरोग्यसेवा, निवृत्तिवेतन, भत्ते यांतून त्याला किती परत मिळते, ते एका तक्त्यात मांडायचे. अप्रत्यक्ष करांचा वाटा सर्वांत गरीब गटाच्या उत्पन्नात सर्वांत मोठा असतो, हे तिथे दरवर्षी छापले जाते. आपल्याकडे २०२२-२३ आणि २०२३-२४ ची घरगुती उपभोगखर्चाची पाहणी झाली आहे. जीएसटीची विवरणपत्रे संगणकावर आहेत. प्राप्तिकराची आकडेवारी आहे. असा वार्षिक तक्ता तयार करायला लागणारी सामग्री सरकारच्या हाती आहे. तो दरवर्षी अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांबरोबर प्रसिद्ध व्हावा, आणि महाराष्ट्र शासनाने राज्यापुरता तो आपल्या आर्थिक पाहणीत द्यावा. सभागृहात अर्थशास्त्राचे विद्यार्थी आहेत, प्राध्यापक आहेत, पत्रकार आहेत. तुमच्या खासदारांना आणि आमदारांना हे पत्राने मागा, पुन्हा पुन्हा मागा, आणि पुढच्या अर्थसंकल्पाच्या आत मागा.